चालणं आणि चालवून घेणं

आपल्या माणसाला अनोळखी लोकांत उतरायचं म्हटलं, की आधी आडनाव चाचपून बघावं लागतं. बसच्या तिकिटाला सुटे आहेत का बघावं, तसं. खोली भाड्यानं देणारी बाई, लॉजवरचा माणूस, रेल्वेत समोर बसलेलं कुटुंब, सगळ्यांना आधी नाव लागतं आणि मग 'पूर्ण नाव'. पूर्ण नाव विचारतात म्हणजे काय विचारतात, ते तुम्हांला सांगायला नको.

हल्ली शहरातली पोरंपोरी पाठीवर सॅक टाकून अनोळखी गटाबरोबर किल्ले-डोंगर हिंडतात. फोनवरून पैसे भरायचे, पहाटे ठरल्या चौकात जमायचं, गोल करून ओळखी करून द्यायच्या. शिकायला पुण्यात होते तेव्हा मीही एकदा गेले. बारा जणांचा गोल. मी नुसतं पहिलं नाव सांगितलं. गट नेणारा हसत म्हणाला, "आणि पुढं?" पुढचं सांगितलं. कुणी वाईट बोललं नाही. थोड्या वेळानं एका मुलीनं अगदी प्रेमानं विचारलं, "तुला फी माफ असेल ना गं?" किल्ला चढून उतरले, पण किल्ला काही दिसला नाही.

तेव्हापासून मनात होतं. आपल्याच अनोळखी माणसांबरोबर एकदा चालून बघायचं. पूर्ण नाव सांगताना जीभ अडणार नाही अशा माणसांबरोबर. मागच्या नोव्हेंबरअखेर तसा योग आला. मेहकरहून निघायचं, खडकपूर्णेच्या पुलापर्यंत पायी जायचं, तिथून पुढं मेहुणाराजाला. चार दिवस. संस्था नाही, बॅनर नाही, पावतीपुस्तक नाही. एकाचा निरोप दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला, असे दहा जण जमलो. सहा बाप्ये, चार बाया. जो तो फार तर एकाला ओळखत होता.

ही वाट का, तर १९७९ ची. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं ठराव केला, की मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचं. ठराव झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. घरं जाळली, माणसं मारली, लोकांनी गावं सोडली. ठराव कागदावर राहिला. मग ११ नोव्हेंबर १९७९ ला जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला. पायी. तेव्हाच्या औरंगाबादकडं. थंडीचे दिवस, रोजची मैलोगणती चाल. मार्च बुलढाणा जिल्ह्यात आला आणि खडकपूर्णेच्या पुलाशी अडवला गेला. लाठ्या चालल्या, धरपकड झाली. तिकडं नागपुरात गोळीबार झाला. त्यात गेलेल्यांत अविनाश डोंगरे हा कोवळा पोरगा होता. नाव मिळायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. ठरावापासून जवळजवळ साडेपंधरा वर्षं. तेही 'मराठवाडा' शब्द शेजारी ठेवून.

आज नागपूरहून तिकडं जायला समृद्धी महामार्ग आहे. याच जिल्ह्यातून जातो. गाडीवाला काही तासांत पोचतो. त्यावर पायी माणसाला मज्जाव आहे, दुचाकीलाही मज्जाव आहे. आणि त्या रस्त्याला नाव दिलंय बाळासाहेब ठाकरे यांचं. नामांतराला उघड विरोध करणाऱ्या नेत्याचं! नावासाठी पाय झिजवणाऱ्यांच्या वाट्याला जुनाच रस्ता राहिला. आम्हांला तोच हवा होता.

सकाळी सातला मेहकरच्या स्टँडवर जमलो. पैनगंगेकाठचा गारठा. कोण आपलं, कोण परकं, कसं ओळखायचं? सोपं होतं. ज्याच्या पाठीवर ओझं आणि नजरेत शोध, तो आपला. "जय भीम." "जय भीम." झालं. दोन शब्दांत माणूस जवळ येतो. पुण्याच्या गोलात जे अर्ध्या तासात झालं नाही, ते इथं अर्ध्या मिनिटात झालं. यवतमाळच्या पोराकडं पट्ट्यापट्ट्यांची भारी सॅक होती. अकोल्याच्या ताई, दवाखान्यात नर्स, त्यांच्याकडं औषधांची डबी. वाशिमकडचे काका, रिटायर मास्तर, त्यांची कापडी पिशवी आणि वर गुंडाळलेली घोंगडी. जालन्याकडून एक तरणा पोरगा आला होता. शाळेचं दप्तर असतं तसली सॅक. तो सगळ्यात शेवटी "जय भीम" म्हणाला आणि जरा हळू म्हणाला.

रस्त्याच्या दोन्ही अंगाला कापसाची वेचणी चालू होती. तुरीला शेंगा धरल्या होत्या. सोयाबीन निघालेल्या वावरांत हरभरा वर आला होता. मागून ट्रक आला की आम्ही एका रांगेत, गेला की पुन्हा घोळक्यात. काका पुढं. ते १९७९ ला वीस वर्षांचे होते आणि मार्चमधे चालले होते. त्यांच्या चालीत अजून मिजास होती. मला आवडली.

तासाभरानं एका टपरीवर थांबलो. चहावाला खुश झाला. "शेगावले चालले का बाप्पा? शेगाव तर मांगं राह्यलं!" आमच्या जिल्ह्यात पायी माणूस दिसला की तो गजानन महाराजाच्या दर्शनालाच निघालेला. म्हणाला, "वारीवाल्याचे मी पैसे नाई घेत." यवतमाळच्या पोरानं सरळ सांगितलं, "वारी नाही दादा. लाँग मार्चच्या वाटेनं चाललोय. खडकपूर्णेच्या पुलावर." चहावाल्यानं आमच्याकडं पुन्हा एकदा पाहिलं. सावकाश, एकेकाकडं. मग दहा चहाचे पैसे मोजून घेतले.

आम्ही हसलो. हसण्यासारखंच होतं. पैसे द्यायला आमची ना नव्हतीच.

सुलतानपूर मागं टाकलं आणि उन्हं डोक्यावर आली तेव्हा एका लिंबाखाली शिदोऱ्या सोडल्या. ज्वारीच्या भाकरी, ठेचा, चटणी, कुणाकडं पोळ्या, ताईंकडं उकडलेली अंडी. मधे एक पंचा पसरला आणि सगळ्यांचं सगळं त्यावर ठेवलं. आता नीट ओळख करून घेऊ म्हणाले काका. जो तो नाव, गाव, काम सांगू लागला. सगळं झकास चाललं होतं. जालन्याच्या पोराची पाळी आली. त्यानं नाव सांगितलं, गाव सांगितलं, पदवीचं शेवटचं वर्ष सांगितलं. आडनाव ऐकून काका थांबले.

"म्हणजे तुम्ही… आपले, का?"

पोरगा म्हणाला, "मांग. अण्णाभाऊंचा."

काका लगेच म्हणाले, "चालतंय, चालतंय! आपलेच आहात."

मनात काही वाईट नव्हतं त्यांच्या. शपथेवर सांगते. भाकरीचा तुकडा त्यांनीच त्याच्या हातात दिला. पण पोरगा शांतपणे म्हणाला, "काका, चालतोय तर मी सकाळपासूनच."

कुणी बोललं नाही. त्यानं बाटली उचलली आणि तोंडापासून वर धरून पाणी प्यायला. स्वतःची बाटली! तरी वरून. दुसऱ्या कुणाला मागावीशी वाटली तर त्याला किळस येऊ नये, ही सवय त्याच्या हाताला कोणी लावली असेल? लिंबाखाली बसलेल्या आम्हां नऊ जणांच्या आज्यापणज्यांना हीच सवय लावली गेली होती.

पाण्यावरून मला बाबासाहेबांची दौलताबादची हकीकत आठवली. १९३४ मधे चळवळीतले कार्यकर्ते म्हणाले, आपण कुठंतरी फिरायला जाऊ, तुम्हीही चला. बाबासाहेब तयार झाले. वेरूळची लेणी बघायची ठरली. तीसेक माणसं. म्हणजे आपल्या चळवळीतसुद्धा सहल होती, हे ध्यानात ठेवा. वाटेत दौलताबादच्या किल्ल्याच्या दाराशी हौदावर त्यांनी धुळीचे हातपाय धुतले. तेवढ्यात एक म्हातारा आरडत आला, की ह्यांनी हौद बाटवला. गर्दी जमली, अंगावर आली. शेवटी किल्ला बघायला सोडलं, पण बरोबर हत्यारी शिपाई दिला, आत कुठं पाण्याला शिवू नये म्हणून. फिरायला निघालेल्या माणसांवर पाण्यासाठी पहारा!

मी ही गोष्ट सांगितली. सगळ्यांना माहीत होती. माना हलल्या. मग ताईंनी जालन्याच्या पोरापुढं हात केला, "दे बरं तुझी बाटली," आणि तोंड लावून प्यायल्या. बोलल्या काहीच नाहीत. नर्स बाई, कामाची माणूस.

दुपारची चाल जड गेली. पाय बोलत होते, माणसं गप्प होती. माझ्या डोक्यात तो एकच शब्द फिरत होता. चालतंय! हा परवानगीचा शब्द आहे. घरमालक म्हणतो, "तुमची भाड्याची खोली चालेल, मटण नको, एवढंच." ऑफिसातला साहेब म्हणतो, "आम्हांला जातपात चालते हो, काही हरकत नाही." चालवून घेणारा नेहमी दारात उभा असतो आणि ज्याला चालवून घ्यायचं तो पायरीखाली. आता आपण कोणत्या दारात उभे राहिलो? आणि ते दार आपलं कधी झालं?

पोचीराम कांबळे आठवा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे. ऑगस्ट १९७८. नामांतराच्या लढ्यातले पहिले शहीद म्हणून आपण ज्यांचं नाव भाषणात घेतो, ते मातंग होते. जय भीमसाठी त्यांना मारलं तेव्हा मारणाऱ्यांनी 'तुम्ही आपले का' असं विचारलं नाही. आणि त्याहून मागं जा. १८५५ मधे 'ज्ञानोदय'मधे मुक्ता साळवेचा निबंध छापून आला. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी चौदा वर्षांची मांगाची पोर. तिनं लिहिलं ते मांग-महारांच्या दुःखाविषयी. दुःख सांगताना तिनं दोघांची नावं जोडून घेतली. जोडचिन्ह तिला चौदाव्या वर्षी सापडलं. आपल्याला अजून सापडत नाही.

तिसऱ्या प्रहरी यवतमाळच्या पोरानं वाद काढला. बरं झालं, गप्पपणा तरी मोडला. "चौदा ऑक्टोबर छप्पनला धम्म घेतला, बावीस प्रतिज्ञा घेतल्या. मग चोखोबाच्या गावाला कशाला जायचं?" मेहुणाराजा हे देऊळगावराजा तालुक्यातलं गाव चोखामेळ्याचं जन्मगाव मानतात. खडकपूर्णेच्या धरणाला संत चोखासागर म्हणतात. मी म्हटलं, देवाच्या दर्शनाला चाललो नाही आपण. बाबासाहेबांनी १९४८ चं 'द अनटचेबल्स' हे पुस्तक नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांना अर्पण केलं. अस्पृश्यांत जन्मलेले तिघं. त्यातला एक आमच्या जिल्ह्याचा, हे सांगायला चाललोय.

चोखोबा पंढरीच्या वाटेवर सगळ्यांबरोबर चालला असेल, पण देवळात त्याला जागा नव्हती. समाधीसुद्धा महाद्वाराबाहेर. पुढं कितीतरी शतकांनी इरावती कर्वे वारीबरोबर चालल्या आणि त्यांनी लिहून ठेवलं, की एकाच दिंडीत ब्राह्मणांचा स्वयंपाक निराळा आणि मराठ्यांचा निराळा. वाट एक, चूल दोन! तेव्हा नुसतं बरोबर चाललं की माणसं एक होतात, यावर मी विश्वास ठेवत नाही. वारी शेकडो वर्षं चालतेच आहे.

दिवस कलला तेव्हा बीबीच्या अलीकडं एका वस्तीतल्या विहारात मुक्कामाला टेकलो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या माणसांनी आमचं नाव-गाव न विचारता विहाराची किल्ली दिली. एक आजी काठी टेकत आल्या. त्यांचं माहेर पुलाच्या अंगाचं. मार्च आला तेव्हा त्या लेकुरवाळ्या होत्या आणि माहेरी आल्या होत्या. म्हणाल्या, "लय मानसं व्हती माय. पाय सुजलेले. कोन कुठचा, कोन्या जातीचा, इचारून कोन रायलं तवा? भाकर मांगे, आमी देवो. पीठ सरलं तं शेजारनीचं आनलं." मी विचारलं, आजी, मार्चमधे बाया होत्या? "व्हत्या नं! लेकरं काखंत घेऊन व्हत्या."

आणि इकडं काय झालं माहीत आहे? बाप्ये विहारात सतरंजी टाकून 'चळवळीची आजची दिशा' यावर बसले. चार बाया आपसूक चुलीकडं गेल्या. कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नाही, हीच तर त्याची खुबी! ताईंनी कांद्याची पिशवी उचलली, सरळ बैठकीच्या मधोमध ठेवली आणि म्हणाल्या, "दिशा ठरवताना हात मोकळेच असतात. चिरा." सहा बाप्यांनी डोळ्यांतून पाणी काढत दिशा ठरवली.

जेवणं झाली. मग दुपारचा विषय निघालाच. १ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं अनुसूचित जातींत वर्गवारी करायला राज्यांना मुभा दिली. तेव्हापासून आपल्या वस्त्यांत काय चाललंय ते तुम्ही बघता. महारानं मांगाकडं आणि मांगानं महाराकडं हिशेबाची वही घेऊन बघायचं. कोणी किती खाल्लं? निकाल बरोबर की चूक, यावर रात्र गेली असती. दोन्हीकडं मुद्दे आहेत. पण जालन्याच्या पोरानं तो वाद घातलाच नाही. काकांना म्हणाला, "तुम्ही मार्चमधलं सांगा ना."

काका खुलले. सांगू लागले. वाशिमकडून येऊन ते मार्चमधे मिसळले होते. एकटेच, ओळखीचं कोणी नाही. शेजारी एक पोरगा चालत होता, त्यांच्याच वयाचा. दोघांत चादर एक. चार रात्री एका चादरीत झोपले. एकानं भाकरी आणायची, दुसऱ्यानं पाणी. पुलावर धावपळ झाली आणि दोघं चुकले. पुन्हा भेट नाही. काकांचा आवाज बसला. "नाव तेवढं ठाऊक. त्याची जात मला आजही माहीत नाही."

पोरगा म्हणाला, "मग काका, माझी कशाला पाहिजे होती?"

कंदील नव्हता, विहारात ट्यूबलाइट होती. तिच्या उजेडात काकांचा चेहरा सगळ्यांना दिसला. बराच वेळ ते घोंगडीचा काठ चाचपत राहिले. मग म्हणाले, "तवा थंडी लय होती रे. चादर एकच होती."

हे उत्तर नाही, असं तुम्ही म्हणाल. मला वाटतं तेच खरं उत्तर आहे. १९७९ ला पुढं पूल होता, पुलावर लाठी होती, आणि दोघांत चादर एक होती. गरजेनं माणसं चिकटली. नाव मिळालं, नोकऱ्या लागल्या, घरं बांधली, आणि जो तो आपल्या गल्लीत गेला. महारवाड्याचं बुद्धविहार झालं, मांगवाड्याचं अण्णाभाऊ नगर. मधली वाट होती तेवढीच राहिली. त्या रात्री विहारात चादरी दहा होत्या आणि माणसंही दहा. कुणाला कुणाजवळ सरकायची गरज नव्हती. आपली आजची अडचण ती हीच. गरजेनं जे झालं ते आता समजून-उमजून करावं लागणार आहे, आणि समजून-उमजून करणं गरजेपेक्षा कठीण.

म्हणून मित्रांनो, मोर्चा काढा, शिबिर भरवा, पाठीवर सॅक टाकून कुठंही जा. भाषणाची यादी करता तशी पहिल्याच दिवशी कामाची यादी करा. आम्ही त्या रात्री केली. एका जुन्या पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर, नुसती पहिली नावं लिहून. पाणी भरणं यवतमाळकडं. भांडी माझ्याकडं. विहार झाडून किल्ली परत देणं ताईंकडं. आणि सकाळची पिठाची परात काका नि जालन्याचा पोरगा या दोघांकडं. काका म्हणाले, "मला भाकरी येत नाही." पोरगा म्हणाला, "मला येते. तुम्ही पाणी घाला, मी मळतो."